देशातलं पहिलं सुवर्णपदक कोडीतच्या अत्र्यांना, आपल्यालाच माहीत नाही!

सासवड : राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की व्हॉट्सअॅपवर एक प्रश्न हमखास फिरतो. भारत सरकारचं पहिलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णपदक कोणाला मिळालं? कोणी राज कपूर म्हणतं, कोणी मदर इंडिया, कोणी सत्यजित राय. उत्तर आपल्या पुरंदर तालुक्यात आहे. चित्रपट श्यामची आई, आणि तो काढणारे कोडीतचे प्रल्हाद केशव अत्रे, म्हणजे आचार्य अत्रे.

आपल्याकडे अत्र्यांचं नाव निघालं की लोक विनोद सांगतात. अमक्या सभेत असं बोलले, तमक्याची अशी जिरवली. त्यातले निम्मे किस्से खरे असतील, निम्मे लोकांनी चिकटवलेले. पण त्या हशात हे पदक पार मागं पडलं, म्हणून आज नीट सांगतो.

अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा. कऱ्हेकाठचा माणूस, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. आत्मचरित्राला नावसुद्धा कऱ्हेचे पाणी असंच दिलं. शिकायला पुण्यात गेले, फर्ग्युसनमध्ये शिकले, मग मास्तर झाले. पुण्यातल्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. शिकवायचं कसं हे शिकायला लंडनलाही जाऊन आले. मुलांना वाचायला गोडी लागावी म्हणून नवयुग वाचनमाला तयार केली. त्याआधी १९२५ सालीच केशवकुमार या नावानं झेंडूची फुले हा विडंबन कवितांचा संग्रह काढून मोठमोठ्या कवींची टोपी उडवली होती. पुढं साष्टांग नमस्कार, घराबाहेर, लग्नाची बेडी ही नाटकं आली आणि थिएटरं भरायला लागली.

सिनेमात ते आले लिहायला. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी गोष्टी लिहिल्या आणि मास्टर विनायकांनी त्या पडद्यावर आणल्या. १९३८ चा ब्रह्मचारी तर तुफान चालला. मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख तेव्हा किती गाजला असेल याची कल्पना करा. त्यानंतर ब्रँडीची बाटली आला, तोही हसवणारा. पुढं अत्रे स्वतःच चित्रपट काढायला लागले. पायाची दासी, वसंतसेना असे बरेच झाले. थोडक्यात, लोकांच्या डोक्यात अत्रे म्हणजे हसवणारा माणूस, असंच पक्कं बसलं होतं.

अशा माणसानं साने गुरुजींच्या श्यामची आई या पुस्तकाला हात घातला.

हे पुस्तक गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. कोकणातलं पालगड गाव, सावकाराच्या कर्जात बुडालेलं घर, आणि पोराला वळण लावताना स्वतः झिजून गेलेली आई. गुरुजी १९५० ला गेले. तीन वर्षांनी, १९५३ साली, अत्र्यांचा चित्रपट लागला. त्यात नाचगाणी नाहीत, मारामारी नाही, प्रेमप्रकरण नाही. पोहायला घाबरणाऱ्या पोराला विहिरीकडं हाकणारी आई आहे आणि घरावर येणारी जप्ती आहे. आजच्या हिशेबानं असल्या गोष्टीला कोणी पैसा लावला नसता. त्या वेळचेही काही कमी शहाणे नसणार.

आईचं काम वनमालाबाईंनी केलं. या मूळच्या ग्वाल्हेरच्या पवार घराण्यातल्या. १९४१ च्या सिकंदर या हिंदी चित्रपटात पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर झळकलेली ही देखणी नटी. तिला अत्र्यांनी साधं लुगडं नेसवून चुलीपुढं बसवलं. ही निवड मला सगळ्यात धाडसाची वाटते. छोटा श्याम झाला माधव वझे. संगीत वसंत देसाईंचं. आशा भोसले यांनी गायलेलं कृष्ण-द्रौपदीचं गाणं त्यातलंच, ते आजही आपल्याकडं बायकांना तोंडपाठ असतं. गाणं लिहिलंय स्वतः अत्र्यांनी, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं.

त्याच सुमाराला सरकारनं चित्रपटांना पदक द्यायचं ठरवलं. स. का. पाटील यांच्या समितीनं चित्रपट धंद्याची चौकशी करून जो अहवाल दिला होता, त्यातलीच ही सूचना. नुसती करमणूक नको, चित्रपटातून काही संस्कार, काही शिक्षण व्हावं, हा हेतू. १९५३ सालचे चित्रपट त्यात धरले आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये दिल्लीत पहिला सोहळा झाला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक श्यामची आईला.

समोर कोण होतं ते बघा. बिमल रॉय यांचा दो बिघा जमीन. दोन बिघे रान वाचवायला कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शेतकरी बलराज साहनींनी असा उभा केलाय की आजही बघवत नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या फिल्मफेअरचा पहिला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्यालाच मिळाला, फ्रान्समधल्या कान महोत्सवातही तो गाजला. पण सरकारच्या यादीत त्याला प्रशस्तिपत्रावर समाधान मानावं लागलं. मी स्वतः शेतकरी आहे, त्यामुळं मला विचाराल तर माझं मत दो बिघा जमीनकडं थोडं झुकतं. पण दोन्हीत घर कर्जानंच बुडतं, हेही खरं. सरकारला मुलं घडवणारा चित्रपट हवा होता, आणि तो मुख्याध्यापक राहिलेल्या माणसानं दिला, एवढाच मी त्याचा अर्थ लावतो.

अत्रे तिथं थांबले नाहीत. लगेच महात्मा फुले काढला. मुहूर्ताला १९५४ च्या जानेवारीत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते. बाबूराव पेंढारकर जोतिबा झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई. फुल्यांवरचं हे प्रेम काही चित्रपटापुरतं नव्हतं. पुण्याच्या नगरपालिकेत असताना रे मार्केटला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं ते अत्र्यांच्याच खटपटीनं. आपला माल घेऊन आपण ज्या मंडईत जात आलो, तीच ही. दुसऱ्या वर्षापासून सरकारनं प्रत्येक भाषेतल्या चांगल्या चित्रपटाला रौप्यपदक सुरू केलं. मराठीतलं पहिलं रौप्यपदक महात्मा फुलेला. म्हणजे देशातलं पहिलं सोनं आणि मराठीतली पहिली चांदी, लागोपाठ दोन वर्षांत, एकाच माणसाकडं. या दोन्ही मानांवर दुसऱ्या कोणाचं नाव आता येऊ शकत नाही.

एवढं यश मिळाल्यावर दुसरा कोणी स्टुडिओतच मुक्काम ठोकून बसला असता. अत्रे मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. १५ नोव्हेंबर १९५६ ला दैनिक मराठा काढला. सभा, अग्रलेख, मोर्चे, आमदारकी. १ मे १९६० ला राज्य झालं. १९६२ ला तो मी नव्हेच हे नाटक आलं, तेही गाजलं. १३ जून १९६९ ला ते गेले.

मराठीला पुन्हा ते सुवर्णपदक कधी मिळालं? थेट श्वास या चित्रपटाला, २००३ सालच्या पुरस्कारांत. मधे ५० वर्षं गेली. मग देऊळ, कोर्ट आणि कासव यांनी ते आणलं. आणि २०२५ मध्ये जे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून नाव आलं ते सुजय डहाके यांच्या नव्या श्यामची आईचं. पुस्तक तेच, साने गुरुजींचं. त्या दिवशी आपल्या तालुक्यातल्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज भरपूर फिरले. जुन्या श्यामची आईचा आणि कोडीतचा उल्लेख मला तरी एकातही दिसला नाही.