थिबा राजा : आपल्या गावचा परदेशी



परदेशी नोकरीला निघालेली आपली मुलं-मुली आशीर्वाद घ्यायला येतात, तेव्हा पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र, आईने बांधून दिलेलं लोणचं, सगळी तयारी झालेली असते. अशा वेळी आम्हाला ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची आठवण येते. तयारीला त्याला जेमतेम एक दिवस मिळाला होता.

थिबाचा जन्म १८५९ चा. वडील मिंडॉन राजाने त्याला मंडालेच्या मिशनरी शाळेत घातले. पुढे तो बौद्ध मठात राहिला आणि धर्मग्रंथांच्या परीक्षेत चमकला. १८७८ मध्ये तो गादीवर आला. पुढच्याच वर्षी त्याच्या राजवटीत अनेक राजपुत्रांची व राजकन्यांची हत्या झाली. हा डाग आपण झाकू नये.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले. २९ तारखेला राजा आणि राणी सुपायालत यांना बैलगाडीत बसवून नदीवरच्या आगबोटीकडे नेले. रंगून, मग मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. सोबत दोन लहान मुली आणि मद्रासला जन्मलेली तान्ही तिसरी. चौथी इथेच जन्मली.

तेव्हा इथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटीही बंद. म्हणूनच तर हे गाव निवडले गेले. भाषा अनोळखी, माणसे अनोळखी, डोक्यावर पहारा. सरकारी तनखा पुरेना, तेव्हा बरोबर आणलेले दागिने विकावे लागले. आज आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो तो थिबा पॅलेस १९१० मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी बांधून झाला. डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. देह मायदेशी न्यायची घरच्यांची इच्छा सरकारने मानली नाही. अखेर १९१९ मध्ये त्याला इथल्याच मातीत ठेवले, आणि राणी मुलींसह परत गेली.

राजा तीस वर्षे इथे राहिला, पण मन मंडालेतच राहिले. आम्ही त्याला दोष देत नाही. ज्याला उचलून आणले, त्याने रुजावे कसे?

थोरल्या राजकन्येचे मात्र वेगळे झाले. रत्नागिरीतल्याच एका माणसावर तिचा जीव जडला होता. आईबरोबर गेलेली ती पुन्हा इथे परतली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. तिची मुलगी टुटू मराठी बोलतच वाढली, संसारही तिने इथेच केला. २००० साली ती गेली. आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांनी तिला पाहिले असेल. राजवाड्याने जे जमले नाही, ते शेजाराने आणि मायेने जमवले.

परदेशी जाणाऱ्यांनो, कागदपत्रे नीट सांभाळा, पण तिथली भाषा शिका, शेजाऱ्याचे नाव विचारा. आणि इथे राहणाऱ्या आपल्यासाठीही एक प्रश्न आहे. आपल्या आंब्याच्या बागा राखायला आणि बोटींवर काम करायला नेपाळहून माणसे येतात. त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू परक्याविषयी विचारणार आहे, हे आपण जाणतो. या आठवड्यात अशा एका तरी माणसाला घरी चहाला बोलावू या.

तुमचे धर्मगुरू