संकल्प आणि सिद्धी

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक मुंबईस निवर्तले. ती वार्ता सोलापुरास पोहोचली, तेव्हा साऱ्या शहरावर शोककळा पसरली. त्या वेळी व्यंकटेश खेडगीकर नावाचा एक विद्यार्थी तेथील हायस्कुलात शिकत होता. त्याचे सतरावे वर्ष अजून पुरे व्हावयाचे होते. लोकमान्यांच्या निधनाने त्याच्या मनाला मोठा धक्का बसला आणि त्याच दुःखात त्याने मनाशी एक प्रतिज्ञा केली. आजन्म अविवाहित राहून सारे आयुष्य देशाच्या सेवेला वाहावयाचे, अशी ती प्रतिज्ञा होती.

दुःखाच्या भरात केलेल्या प्रतिज्ञा बहुधा दुःखाबरोबरच ओसरून जातात. ही प्रतिज्ञा मात्र एक्कावन्न वर्षांहून अधिक काळ टिकली. हाच विद्यार्थी पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद संस्थानातील प्रजेचा नेता झाला. मराठवाड्याच्या गावोगावी त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

व्यंकटेशाचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी या गावी झाला. घरची स्थिती बेताचीच होती. प्रतिज्ञा तर केली. परंतु देशसेवा हा शब्द फार मोठा आहे. तिचा आरंभ कोठून करावयाचा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. डोंगराचे शिखर दुरून दिसते, पण चढणाऱ्याला पायांखालची वाट पाहावी लागते. व्यंकटेशाने पहिली पायरी निवडली ती स्वतःची तयारी करण्याची. महात्मा गांधींनी असहकाराची हाक देताच त्याने सरकारी शाळा सोडली. परंतु त्याने शाळा सोडली, शिक्षण सोडले नाही. तो अमळनेरच्या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेत गेला आणि तेथून पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याने लोकशाहीच्या विकासाचा सखोल अभ्यास केला. ज्या संस्थानात लोकशाहीचा मागमूसही नव्हता, तेथे ती आणण्याचे काम पुढे आपल्या वाट्यास येणार आहे, याची त्या वेळी त्याला कल्पनाही नसेल.

शिक्षण संपल्यावर व्यंकटेशरावांनी कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम पत्करले. जोशी हे मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते. त्यांच्या सहवासात तरुण व्यंकटेशरावांना संघटनेचे शिक्षण मिळाले. सभासदांची नोंद कशी ठेवावी, पै-पैचा हिशेब कसा द्यावा, गाऱ्हाणे मुद्देसूद कसे मांडावे, या गोष्टी दिसावयास लहान असतात. परंतु त्यांवाचून कोणतीही चळवळ उभी राहत नाही, हे त्यांना तेथे उमगले.

याच सुमारास त्यांच्या प्रकृतीने दगा दिला. ज्या देहाच्या बळावर देशसेवा करावयाची, तो देहच साथ देईना. ऐन तारुण्यात आलेला हा आघात मोठा होता. प्रतिज्ञा आता पार पडणे नाही, असे म्हणून ते स्वस्थ बसले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी ध्येय सोडले नाही. ध्येयाकडे जाण्याची वाट तेवढी बदलली. शहरातील धकाधकीचे काम झेपत नसेल, तर खेड्यातील मुलांना शिकवता येईल, असा विचार त्यांनी केला.

ती संधी हिप्परगा या गावी मिळाली. हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात, लातूरपासून फार दूर नाही. तेथे व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ साली राष्ट्रीय शाळा काढली होती. १९२९ साली व्यंकटेशराव त्या शाळेत आले. त्या काळी मराठवाड्याचे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी बहुसंख्य प्रजा राहत असे. परंतु वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून दिले जाई. सभा भरवावयाची झाली तरी सरकारची परवानगी लागत असे. शाळा थोड्या, वाचनालये त्याहून थोडी आणि वर्तमानपत्रे तर विरळाच. अशा प्रदेशात मातृभाषेतून शिकवणारी शाळा म्हणजे अंधारात लावलेली पणती होती.

हिप्परग्यास असतानाच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यासी माणूस जग सोडून अरण्यात जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्वामीजी जगात अधिकच खोल शिरले. घर, धन आणि मान यांचा मोह संपला, म्हणजे काम अधिक मोकळेपणाने करता येते, असा त्यांच्या संन्यासाचा अर्थ होता. भगवी वस्त्रे धारण केलेले हे शिक्षक मुलांना शिकवीत आणि त्यांच्याच बरोबरीने कष्टही करीत.

१९३५ साली स्वामीजी व त्यांचे सहकारी अंबाजोगाईस आले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे निष्ठावान शिक्षक त्यांच्या सोबत होते. तेथील योगेश्वरी विद्यालय त्यांनी नावारूपास आणले. दूरदूरच्या गावांहून मुले तेथे शिकावयास येऊ लागली. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला विद्या तर यावीच, पण ताठ मानेने उभे राहण्याचे धैर्यही यावे, असा त्यांचा कटाक्ष असे. शाळा नुकतीच बाळसे धरू लागली होती आणि स्वामीजींचे मनही तेथे रमले होते.

परंतु १९३८ साल उजाडले आणि एक कठीण प्रश्न त्यांच्यापुढे येऊन ठाकला. मराठवाड्यातील जनतेची गाऱ्हाणी मांडण्यासाठी महाराष्ट्र परिषद ही संस्था स्थापन झाली होती. तिचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे भरले आणि दुसरे १९३८ साली लातूर येथे. परिषदेला पूर्ण वेळ वाहून घेणारा कार्यकर्ता हवा होता आणि साऱ्यांचे डोळे स्वामीजींकडे लागले होते. एका बाजूस हाताने वाढवलेली शाळा, तर दुसऱ्या बाजूस साऱ्या संस्थानातील प्रजा. शाळा सोडावी तर ती कोमेजून जाण्याची भीती. न सोडावी तर ज्या स्वातंत्र्यासाठी मुलांना घडवावयाचे, ते स्वातंत्र्य आणणार कोण? वाईट आणि चांगले यांतून निवड करणे सोपे असते. दोन चांगल्या गोष्टींतून एक निवडावयाची झाली, म्हणजे माणसाची खरी कसोटी लागते. अशा वेळी आपले मूळचे ध्येय कोणते, हेच विचारावे लागते. स्वामीजींनी शाळा सहकाऱ्यांच्या हाती सोपवली आणि परिषदेच्या चिटणीसपदाचे काम ते पाहू लागले.

त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापण्याचे ठरले. परंतु ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबर १९३८ मध्ये बंदीविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजींनी तुरुंगाची वाट धरली. ती काही शेवटची वेळ नव्हती. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहात आणि १९४२ साली चले जाव चळवळीत त्यांना पुन्हा कारावास घडला. बंदी उठावयास १९४६ साल उजाडले. पेरणी करून आठ पावसाळे वाट पाहावी, तसा हा काळ होता. पण ही वर्षे त्यांनी वाया जाऊ दिली नाहीत. बाहेर असले, की ते गावोगावी हिंडून कार्यकर्ते जमवीत. महाराष्ट्र परिषदेची अधिवेशनेही भरत राहिली. त्यांपैकी एक १९४१ साली नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे भरले होते. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, अनंत भालेराव असे एकाहून एक तेजस्वी सहकारी त्यांना लाभले.

जून १९४७ मध्ये इंग्रज हिंदुस्थान सोडून जाणार हे निश्चित झाले आणि निजामाने आपले संस्थान स्वतंत्र राहील, असे जाहीर केले. त्याच महिन्यात हैदराबादेत स्टेट काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते स्वामी रामानंद तीर्थ. आता ध्येय अगदी स्पष्ट झाले होते. हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावे आणि प्रजेच्या हाती सत्ता यावी, यासाठी लढा सुरू झाला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशाने स्वातंत्र्याचा सोहळा मांडला असता, हैदराबादेत तिरंगा फडकविणे हा गुन्हा होता. त्या दिवशी स्वामीजींनी हैदराबाद शहरात सुलतान बाजार भागात तो फडकविला आणि त्यांना अटक झाली. नोव्हेंबरअखेर त्यांची सुटका झाली, पण जानेवारी १९४८ मध्ये ते पुन्हा गजाआड गेले.

पुढचे महिने फार कठीण गेले. रझाकार नावाच्या सशस्त्र संघटनेने गावोगावी धुमाकूळ घातला. असंख्य कुटुंबांना घरदार सोडून सरहद्दीपलीकडे आसरा घ्यावा लागला. सरहद्दीवर शिबिरे उघडून तरुणांनी लढा चालू ठेवला. हा लढा कोणत्याही धर्माविरुद्ध नव्हता. विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या शोएबुल्ला खान या निर्भय संपादकाने त्यासाठी ऑगस्ट १९४८ मध्ये आपले प्राण दिले. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. तुरुंगाची दारे उघडली आणि स्वामीजी बाहेर आले.

इतके मोठे यश मिळाल्यावर त्याचे फळ चाखावे, असे कोणास वाटणार नाही? स्वामीजींनी मात्र मंत्रिपदाची आस धरली नाही. १९५२ साली गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादेहून लोकांनी त्यांना लोकसभेवर पाठविले. तेथेही त्यांनी एक विचार आग्रहाने मांडला. हैदराबाद राज्य मोडून तेथील तिन्ही भाषिकांना आपापल्या भाषाबंधूंच्या राज्यात जाऊ द्यावे, असा तो विचार होता. ज्या राज्यात आपला शब्द वजनदार आहे, ते राज्यच राहू नये, असे म्हणणारा पुढारी क्वचितच आढळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले आणि १ मे १९६० रोजी मराठवाडा महाराष्ट्र राज्यात सामील झाला.

स्वातंत्र्य मिळाले, पण शिक्षण नाही आणि हाताला काम नाही, अशी स्थिती राहिली तर त्या स्वातंत्र्याचा उपयोग तो काय? म्हणून एक ध्येय गाठताच स्वामीजी दुसऱ्याकडे वळले. १९५० साली नांदेड एज्युकेशन सोसायटीने नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू केले. या संस्थेच्या उभारणीत स्वामीजींचा मोठा वाटा होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबादेची वाट धरणे ज्यांना परवडत नव्हते, अशा मुलांसाठी विद्येचे दार त्यांच्याच जिल्ह्यात उघडले. हिप्परग्याची पणती आता दिवाणखान्यातील समई झाली होती.

खादीचे काम हेही त्यांच्या आवडीचे. १९६७ साली नांदेड येथे मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती स्थापन झाली. तिच्यामागे स्वामीजी व गोविंदभाई श्रॉफ यांची प्रेरणा होती. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे या समितीच्या केंद्रात राष्ट्रध्वजासाठी लागणारे कापड विणले जाऊ लागले आणि नांदेडला त्याचे ध्वज तयार होऊ लागले. जो ध्वज हाती घेतल्याबद्दल एके काळी तुरुंगात जावे लागले, तोच ध्वज मराठवाड्यातील कष्टकरी हात साऱ्या देशासाठी तयार करू लागले.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे निधन झाले. त्यांनी मागे घरदार ठेवले नाही, की धनसंपत्ती ठेवली नाही. शाळा, महाविद्यालय, खादीची केंद्रे आणि घडविलेली माणसे, हीच त्यांची मालमत्ता. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिदिनीच, नांदेड येथे त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर आणि परभणी या भागांतील हजारो विद्यार्थी तेथून पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांपैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांना अक्षरओळखही नव्हती.

स्वामीजींच्या आयुष्याकडे पाहिले, म्हणजे ध्येय गाठण्याची रीत कळून येते. ते विद्यार्थी झाले, कामगारांचे सेवक झाले, शिक्षक झाले, सत्याग्रही झाले आणि अखेरीस संस्थांचे उभारणारे झाले. कामे बदलली, गावे बदलली, नावही बदलले. बदलला नाही तो सोळा वर्षांच्या मुलाने केलेला संकल्प. दूरचे ध्येय त्यांनी नजरेआड होऊ दिले नाही आणि जवळचे काम कधी हलके मानले नाही. व्यापार असो, शेती असो, अभ्यास असो की घरसंसार असो, संकल्पापासून सिद्धीकडे जाणारी वाट अशा जवळच्या, रोजच्या कामातूनच जात असते.