रावढळचा हवालदार

भीमा कोरेगावच्या विजयस्तंभासमोर दरवर्षी १ जानेवारीला लाखोंचा जनसागर नतमस्तक होतो. १८१८ च्या त्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची 'नाक' प्रत्ययाची नावे दगडावर कोरली गेली, म्हणूनच ती टिकली. पण ज्यांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत, त्या हजारो शिपायांचे काय? हा प्रश्न आम्ही स्वतःला आणि चळवळीला विचारतो, तेव्हा आमच्यासमोर गोपाळबाबा वलंगकर उभे राहतात.

महाड तालुक्यातील रावढळ हे त्यांचे गाव. १८४० च्या सुमाराचा त्यांचा जन्म. गावात ज्याची सावलीही चालत नव्हती, त्याला पलटणीत बंदूक मिळाली आणि अक्षरही मिळाले. १८८६ साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला स्थायिक झाले. दापोली ही तेव्हा लष्करी पेन्शनरांची वस्ती. पुढे सुभेदार रामजी सकपाळांचे कुटुंबही काही काळ तिथेच राहिले.

पेन्शन घेऊन स्वस्थ बसणे गोपाळबाबांना सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही. महात्मा फुले यांच्या विचाराने पेटलेल्या या हवालदाराने बंदूक ठेवली आणि लेखणी उचलली. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी अस्पृश्यतेचे समर्थन करणाऱ्या धर्ममार्तंडांना थेट सवाल केले. 'दीनबंधु' आणि 'सुधारक' या पत्रांतून ते लिहीत राहिले. दलितांचे आद्य पत्रकार म्हणून आज त्यांचा गौरव होतो तो यामुळेच. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापून त्यांनी समाजाला संघटित करण्यास सुरुवात केली.

याच सुमारास इंग्रज सरकारने घात केला. ज्यांच्या बळावर मुंबई इलाख्याची फौज उभी राहिली, त्या महारांची भरती 'लढाऊ जाती'च्या थोतांडाखाली १८९२-९३ च्या सुमारास बंद झाली. पगार गेला, पेन्शनची आशा गेली, पलटणीतली शाळाही गेली. गोपाळबाबांची स्वतःची पेन्शन शाबूत होती. तरीही मागून येणाऱ्या पोरांसाठी त्यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्याच्या मागणीचा अर्ज तयार केला. १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांना त्यांच्या शेजारी बसणे अपमानाचे वाटले. त्याच महाडात ३२ वर्षांनी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ही भूमी आधी कोणी नांगरली होती, हे आपण विसरता कामा नये.

१९०० साली गोपाळबाबा गेले. भरतीचा लढा थांबला नाही. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली गेली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. अखेर बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश आले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली.

गोपाळबाबा लिहीत होते म्हणून इतिहासात राहिले. त्यांच्यासोबत कवायत केलेले, लिहू न शकलेले शेकडो शिपाई मात्र हरवले. कोकणातल्या, साताऱ्याकडच्या किती घरांत पणजोबांचे पदक, पेन्शनचा कागद, डिस्चार्जचे पुस्तक पत्र्याच्या पेटीत कुजत असेल! दुसऱ्या कोणी येऊन आपला इतिहास लिहावा, या भ्रमात आपण आणखी किती काळ राहणार?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. प्रत्येक गावच्या बुद्धविहारात एक वही ठेवा. गावातल्या शिपायांची नावे, पलटण, भरतीचे आणि निवृत्तीचे साल म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या, कागदांच्या प्रती काढा. जयंतीच्या मिरवणुकीतल्या एका रात्रीच्या डीजेइतकाही खर्च त्याला येणार नाही. गोपाळबाबांना खरे अभिवादन करायचे असेल, तर ते त्या वहीच्या पहिल्या पानापासून सुरू होईल.