हिरवळीने दाखवला कात्रजचा घाट

शाहिस्तेखानावर १६६३ मध्ये छापा घातल्यानंतर महाराजांच्या माणसांनी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच दिशेला धावायला लावले, असे सांगितले जाते. गोल्फच्या इतिहासात हॅरी व्हार्डन यांना असाच घाट दाखवला तो होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीने.

इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर १८७० मध्ये एका माळ्याच्या घरी व्हार्डन जन्मले. ब्रिटिश ओपन त्यांनी सहा वेळा जिंकली. हा विक्रम अद्याप अबाधित आहे. १९०३ मधील विजयाच्या वेळी मात्र क्षयाने त्यांना ग्रासले होते. त्यानंतर पटिंग करताना, चेंडूला हलकेच ढकलायच्या नेमक्या क्षणी, त्यांच्या उजव्या हाताला झटका बसू लागला. दूरवरून चेंडू निशाणाजवळ आणून ठेवणारा हा खेळाडू अवघ्या दोन फुटांवर अडखळे. तरीही १९११ आणि १९१४ मध्ये ते पुन्हा विजेते ठरले, हे विशेष!

खरी परीक्षा झाली १९२० मध्ये, टोलेडो येथील अमेरिकन ओपनमध्ये. पन्नास वर्षांचे व्हार्डन अखेरच्या फेरीत आघाडीवर असताना ईरी सरोवरावरून सोसाट्याचा वारा सुटला. थकलेल्या हातांनी दगा दिला, ग्रीनवर फटक्यांमागून फटके वाया गेले आणि अवघ्या एका फटक्याने विजेतेपद हुकले. ते जर्सीच्याच टेड रे यांना मिळाले.

१९३७ मध्ये व्हार्डन यांचे निधन झाले. उजव्या हाताची करंगळी डाव्या हातावर चढवण्याची, त्यांनी रूढ केलेली पकड आजही जगभर वापरली जाते. पटिंगच्या वेळी मात्र अनेक गोल्फपटू ती बदलतात.