बर्ट्रांड रसेल : तर्काला पायऱ्या बांधणारा गणिती

बर्ट्रांड रसेल हे नाव सुशिक्षितांना परिचित आहे. युद्धविरोधापायी १९१८ साली त्यांनी सोसलेला तुरुंगवास आणि १९५० सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक यांची माहितीही अनेकांना असते. परंतु आज संगणकाच्या कामी येणाऱ्या एका विचाराचे ते जनक होत, हे थोड्यांनाच ठाऊक आहे.

रसेल यांचा जन्म १८ मे १८७२ रोजी वेल्समध्ये एका उमराव घराण्यात झाला. आजोबा दोनदा इंग्लंडचे पंतप्रधान झाले होते. घरात कशाची वाण नव्हती. पण चौथे वर्ष पुरे होण्याआधीच आई, बहीण व वडील यांचे छत्र हरपले. आजीने सांभाळ केला. अकराव्या वर्षी थोरल्या भावाने युक्लिडची भूमिती शिकवायला घेतली. मुलगा हरखून गेला. मात्र मूळ गृहीतके सिद्ध न करताच मानावी लागतात, हे कळताच हिरमुसला. गणिताचा पाया कशावर उभा आहे, या प्रश्नाने पुढे त्याची पाठ सोडली नाही.

केंब्रिजला शिक्षण झाल्यावर रसेल याच प्रश्नाकडे वळले. संपूर्ण गणित तर्कशास्त्रातून सिद्ध करता येईल, अशी त्यांची धारणा होती. पण १९०१ साली त्यांना त्या पायातच एक तडा दिसला. तो आपण शाळेच्या दप्तरातील उदाहरणाने समजून घेऊ. काही नोंदवह्यांत त्यांची स्वतःचीही नोंद असते, काहींत नसते. आता ज्या वह्यांत स्वतःची नोंद नाही, तेवढ्याच वह्यांची यादी एका नव्या वहीत करायची आहे. या नव्या वहीचे नाव तिच्यात लिहायचे का? लिहिले तर ते खोडावे लागते आणि न लिहिले तर लिहावे लागते!

जर्मनीचे गणिती गॉटलोब फ्रेगे यांचा याच विषयावरील ग्रंथ तेव्हा छापखान्यात होता. जून १९०२ मध्ये रसेल यांनी त्यांना पत्राने हा दोष कळविला. वर्षानुवर्षांच्या श्रमांवर पाणी पडत होते. तरीही फ्रेगे यांनी दोष लपविला नाही. ग्रंथाला पुरवणी जोडून त्यांनी तो मान्य केला.

रसेल यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे प्रकार-सिद्धांत, अर्थात 'थिअरी ऑफ टाइप्स'. १९०३ साली त्याची रूपरेषा आणि १९०८ साली सविस्तर मांडणी प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांचा वर्ग होतो, वर्गांची शाळा होते. पण शाळेला वर्गात बसविता येत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक समूह आपल्या घटकांहून वरच्या पायरीवर असतो, म्हणून तो स्वतःचाच घटक होऊ शकत नाही. पायऱ्या ठरल्या की तो विचित्र प्रश्नच निरर्थक ठरतो.

या पायावर रसेल व त्यांचे गुरू व्हाइटहेड यांनी 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' हा त्रिखंडात्मक ग्रंथ १९१० ते १९१३ या काळात प्रसिद्ध केला. त्याच्या छपाईसाठी दोघांना पदरचे पन्नास-पन्नास पौंड घालावे लागले. पुढे १९३१ साली कुर्ट गोडेल यांनी अशा कोणत्याही पद्धतीत सर्व सत्ये सिद्ध होऊ शकत नाहीत, असे दाखवून दिले. रसेल यांचे मूळ स्वप्न अपुरे राहिले, पण पायऱ्यांचा विचार टिकला. अलोंझो चर्च यांनी १९४० साली त्याला सुटसुटीत रूप दिले. आज संख्या हवी तेथे अक्षरे आली, तर अनेक संगणक-भाषा आज्ञावली चालण्यापूर्वीच ती चूक दाखवितात. २००५ साली नकाशाच्या चार रंगांच्या प्रमेयाची सिद्धता संगणकाने तपासली, तीही प्रकार-सिद्धांताच्याच आधारे.

२ फेब्रुवारी १९७० रोजी, वयाच्या ९७व्या वर्षी रसेल निवर्तले.

विद्यार्थी मित्रांनो, पुस्तकात दिले आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ते का खरे आहे, हे विचारा. आणि पालकहो, मुलाने असे विचारले तर त्याला गप्प बसवू नका. एका अकरा वर्षांच्या मुलाला पडलेल्या प्रश्नाची फळे आज सारे जग चाखत आहे.