विश्लेषण : काळारामाचे दार ते गावचे गायरान, दादासाहेब गायकवाड यांचा लढा कायद्याला कुठे भिडला?

नाशिकच्या मुंबई नाक्यावरील सभागृहामुळे दादासाहेब गायकवाड हे नाव शहरात रोज घेतले जाते. पण या माणसाचे निम्मे आयुष्य ज्या प्रश्नात गेले, तो प्रश्न आजही न्यायालयांपुढे आहे. सरकार कायदा-सुव्यवस्था राखते म्हणजे नेमका कोणाचा हक्क राखते?

दादासाहेब कोण होते?

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा. तरुणपणीच ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत आले आणि शेवटपर्यंत त्यांचे निकटचे सहकारी राहिले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे हे त्या काळाच्या इतिहासाचे मोठे साधन मानले जाते. भाषणे देणारे पुढारी तेव्हाही पुष्कळ होते. माणसे जमवणे, त्यांच्या भाकरीची सोय लावणे, पकडले गेलेल्यांच्या घरची चौकशी करणे हे काम करणारे थोडे. दादासाहेब त्या थोड्यांतले.

काळाराम मंदिरापाशी काय घडले?

२ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये सुमारे १५ हजार अस्पृश्य स्त्री-पुरुषांची मिरवणूक मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दरवाजांपुढे सत्याग्रही बसू लागले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. सत्याग्रह समितीचे चिटणीस दादासाहेब होते. गांधीजींची दांडी यात्रा साबरमतीहून निघाली ती यानंतर दहा दिवसांनी, हे सहसा कोणी सांगत नाही.

९ एप्रिलला रामाचा रथ निघणार होता. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा, असा समझोता झाला होता. ऐनवेळी रथ पळवला गेला आणि दगडफेक झाली. गावोगाव अस्पृश्यांवर बहिष्कार पडले. मुलांना शाळेतून काढले, वाटा अडवल्या. या सगळ्यात पोलीस बंदोबस्त चोख होता, पण तो बंद दरवाजाला होता. आत जाऊ पाहणारा शांतताभंग करणारा ठरला आणि दार लावून घेणारा संरक्षणाला पात्र ठरला.

कायदा तेव्हा कोणाच्या बाजूने होता?

दार लावणाऱ्यांच्या. मंदिरात कोणाला घ्यायचे हे रूढी ठरवते, असेच न्यायालये मानत. तमिळ मुलखातील कमुदी इथल्या मंदिराच्या दाव्यात १९०८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने नाडार समाजाला प्रवेशाचा हक्क नाकारला होता. पाणवठ्यांचे थोडे वेगळे होते. सार्वजनिक तळी-विहिरी सर्वांना खुल्या असाव्यात, असा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच केला होता. तरी महाडमध्ये काय झाले? सनातन्यांनी चवदार तळे खासगी असल्याचे सांगून डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. तो अस्पृश्यांच्या बाजूने लागला खरा, पण आधार होता तो पुराव्याचा. बंदीची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. सिद्ध करता आले असते तर? समतेचा हक्क कायद्याच्या पुस्तकातच नव्हता.

म्हणूनच असेल, बाबासाहेबांचे मन मंदिरप्रवेशातून उडाले. शक्ती शिक्षणात आणि राजकारणात लावावी, असे त्यांनी १९३४ मध्ये दादासाहेबांना पत्राने कळवले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि काळारामचा लढा थांबला. मंदिर तोवर उघडले नव्हते.

मग दार उघडले कधी?

मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हरिजन मंदिर प्रवेश कायदा केला आणि अडवणूक हाच गुन्हा ठरला. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली, २५ व्या अनुच्छेदाने हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्यालाही आव्हान मिळाले. स्वामीनारायण पंथातील काहींनी आपला पंथ हिंदू धर्माहून वेगळा असल्याचा दावा केला. जानेवारी १९६६ मध्ये सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने तो फेटाळला. १९३० मध्ये सरकारी बळ दाराच्या आतल्या बाजूला होते, आता ते बाहेरच्या बाजूला आले.

जमिनीचा लढा काय होता?

खरे सांगायचे तर दादासाहेबांचे मोठेपण इथे अधिक दिसते. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते नाशिकमधून लोकसभेत गेले, पुढे १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. खासदार झाले म्हणून रस्ता सुटला नाही. १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी. डिसेंबर १९६४ मध्ये तो देशभर पसरला आणि लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. किमान वेतन आणि संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र या मागण्याही होत्या. अखेर पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना बोलणी करावी लागली.

सरकारच्या लेखी हे अतिक्रमण होते. कसणाऱ्याच्या लेखी पोटाचा हक्क. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६ मध्ये, दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आल्या. कलम ५० अतिक्रमण काढण्याचे, कलम ५१ ते नियमित करण्याचे. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण आले. हा दिवस कोणता, हे वाचकांना सांगायला नको.

आज वाद कुठे आहे?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये, जगपाल सिंग खटल्यात, गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. गावची जमीन गिळणाऱ्या धनदांडग्यांविरुद्ध तो निकाल योग्यच होता. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींसाठी त्यात अपवाद ठेवला आहे. अडचण कागदाची आहे. ज्याच्या आजोबाने सत्याग्रहात जमीन कसायला घेतली आणि पट्टा कधी मिळालाच नाही, तो या अपवादात बसवायचा कसा? नोटीस मात्र बंगलेवाल्याला आणि त्याला एकाच नमुन्यात येते.

दादासाहेबांना १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने राज्य सरकारची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. तीत अनुसूचित जातींच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. ही जमीन गायरानातली नसते. सामाजिक न्याय विभागाला ती खासगी मालकाकडून विकत घ्यावी लागते, म्हणजे आधी कोणीतरी विकायला तयार हवा.