रंगाऱ्याचा मुलगा : तिंतोरेत्तो

व्हेनिस शहरात १५१८ च्या सुमारास जन्मलेल्या याकोपो रोबुस्तीला जग तिंतोरेत्तो म्हणून ओळखते. तिंतोरेत्तो म्हणजे छोटा रंगारी. वडील कापड रंगवीत; त्यांच्या धंद्याचे नाव मुलाला चिकटले, आणि कीर्ती मिळाल्यावरही त्याने ते टाकले नाही. थोर चित्रकार तिशनने त्याला काही दिवसांतच आपल्या चित्रशाळेतून घालवून दिले, अशी एक कथा सांगतात. खरे-खोटे कोण जाणे!

१५४८ मध्ये 'गुलामाचा चमत्कार' या चित्राने त्याचा बोलबाला झाला. पुढे १५६४ मध्ये सान रोक्को या धर्मादाय मंडळाने चित्रकारांकडून आराखडे मागविले. याने पुरे चित्रच नेऊन छताला बसविले आणि ते दान म्हणून देऊन टाकले. दान नाकारता येईना! ही चलाखी मला सर्वस्वी पटत नाही. पण त्यानंतर १५८८ पर्यंत त्याने त्या वास्तूच्या भिंती आणि छते ज्या निष्ठेने रंगविली, ती पाहून तक्रार करवत नाही.

त्याचे खरे मन मात्र 'शेवटचे भोजन' या अखेरच्या काळातील चित्रात दिसते. सान जोर्जो माज्जोरे या चर्चसाठी त्याने ते १५९२ ते १५९४ या काळात रंगविले. लिओनार्दोच्या याच विषयावरील चित्रात मेज सरळ आपल्यासमोर आहे, सारे शांत, मोजूनमापून. तिंतोरेत्तोचे मेज तिरके होऊन अंधारात शिरते. ख्रिस्त दूर, मधोमध उभा राहून शिष्याला स्वतःच्या हाताने भाकर भरवतो. घात करणारा यहूदा मेजाच्या अलीकडे, एकटा. आणि सर्वांत पुढे, आपल्या अगदी जवळ कोण? वाढपी आणि मोलकरीण! तिच्या टोपलीत मांजर डोकावते आहे. या माणसांना पलीकडे काय घडते आहे याचा पत्ता नाही. त्यांना कामातून सवड कुठे?

चित्रात उजेड दोन आहेत. एक छताला टांगलेल्या दिव्याचा, दुसरा ख्रिस्ताच्या मस्तकाभोवतीचा. दिव्याच्या धुरातूनच देवदूतांच्या आकृती उमटतात. अलौकिक गोष्ट रोजच्या धुरातून निघते, असाच त्याचा अर्थ मी लावतो. रंगाच्या कढईवरची वाफ त्याने लहानपणी घरीच पाहिली असणार.

३१ मे १५९४ रोजी तो वारला. मादोन्ना देल्लोर्तो या त्याच्या वस्तीतल्या चर्चमध्ये, आधीच गेलेल्या चित्रकार मुलीजवळ, मारिएत्ताजवळ, त्याला पुरले आहे.